अबोला विसरणारा फ्रान्सिस

वसईजवळच्या सांडोरला एका वाडीत दोन भावांमध्ये अबोला होता आणि तो पाळायचं सगळं काम धाकट्याच्या बायकोवर, व्हेरोनिकावर येऊन पडलं होतं. कारण तिचा नवरा फ्रान्सिस आपण भावाशी बोलत नाही हेच विसरून जायचा.

सकाळी तो कुदळ खांद्यावर टाकून केळीत जायला निघाला की ती मागून हाक मारायची.

"अहो, तिकडे बोलायचं नाही हां."

"कुठे?"

"थोरल्या घरी."

"नाही बोलणार," फ्रान्सिस शहाण्या मुलासारखं म्हणायचा. चार पावलं जायचा आणि थांबायचा. "का गं, काय झालं?"

मग व्हेरोनिका हातातलं काम टाकून सगळं पहिल्यापासून सांगायची. अबोला आंब्याच्या कलमासारखा असतो. लक्ष ठेवलं नाही तर खालून जुनाच फुटवा येतो आणि कलम मरून जातं, हे ती जाणून होती. फ्रान्सिस मान हलवत ऐकायचा, "बरोबर आहे तुझं" म्हणायचा, आणि दुपारी तिने पाणी घेऊन जावं तो हा कुंपणापाशी उभा राहून पलीकडच्या निकोलसला विचारत असायचा, "दादा, तुझ्या वालाला फूल आलं का?"

निकोलस थोरला. तो बिचारा इकडे तिकडे बघायचा, आपली बायको मार्गारेट ओट्यावर नाही ना याची खात्री करून घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, "आलं." एवढ्यात व्हेरोनिका खोकायची. दोघे भाऊ चोरी पकडल्यासारखे दोन दिशांना जायचे.

फ्रान्सिसचं हे आजचं नव्हतं. एकदा तो पापडी गावच्या बाजारात केळी विकायला गेला होता. स्वतःचे घड विकले, मग शेजारच्या माणसाचा घड त्याला इतका आवडला की तो विकत घेऊन घरी आला. ज्या घरात ओटीवर, माळ्यावर, पलंगाखाली केळी पिकायला ठेवलेली, त्या घरात. संध्याकाळच्या रोजरीची सुरुवात तो करायचा, पण मणी बोटात धरून त्याचं मन कुठे जायचं कोण जाणे. दहा 'नमो मारिया' संपून पंधरा झाल्या तरी थांबायचा नाही. व्हेरोनिका म्हणायची, एवढ्या जास्तीच्या प्रार्थनांनी आमच्या घरच्या मेलेल्यांचे आत्मे शुद्धिस्थानातून सगळ्यांच्या आधी सुटणार आहेत.

हे सगळं तिने हसत सोसलं होतं. पण भांडणाची गोष्ट वेगळी होती.

भांडण गाळावरून झालं. दोन्ही घरांच्या मध्ये एक बावखल होतं. तेव्हा वसईत वाडीवाडीला अशी गोड्या पाण्याची लहानशी तळी असत. त्याच पाण्यावर केळी, पानवेली, भाजी, सगळं जगायचं. मे महिन्यात बावखल आटलं की घरची माणसं उतरून तळाचा काळा गाळ काढायची आणि टोपल्या भरभरून केळीच्या बुंध्याशी टाकायची. त्या गाळावर जो घड लागायचा तो खताच्या गोणीवर कधी लागला नाही. दोन्ही भावांनी मिळून गाळ काढायचा आणि मिळून वाटून घ्यायचा, ही बापाच्या वेळेपासूनची रीत.

त्या वर्षी दिवस ठरला. फ्रान्सिस उजाडायच्या आत टोपली आणि फावडं घेऊन घराबाहेर पडला, बावखलाच्या काठाने गेला आणि बावखल ओलांडून तसाच पुढे गेला. रस्त्यावर कुणीतरी त्याला म्हणालं होतं की पाचूबंदरला नवा मचवा पाण्यात लोटतायत. बघू तरी, म्हणून तो गेला आणि बघत राहिला. संध्याकाळी परत आला तेव्हा टोपली कोरडी होती आणि इकडे निकोलसने दोन मजूर लावून गाळ काढून आपल्या केळींना घालूनही टाकला होता.

व्हेरोनिका आपला वाटा मागायला गेली. मार्गारेट ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "काढायला कोणी नाही, न्यायला बरे येतात."

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण शेजारची थेरेसा त्या वेळी तिथेच बसली होती, आणि थेरेसाच्या कानावर पडलेली गोष्ट म्हणजे चर्चच्या पायरीवर वाचून दाखवल्यासारखी. व्हेरोनिकाला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "ठेव बाय तुलाच. तोंडाला फासायला होईल."

ते आणीबाणीचं साल होतं. पुढे सरकारने आणीबाणी उठवली, मार्गारेटने काही उठवली नाही. ती म्हणाली, तिने आधी माझ्या दारात येऊन बोलावं. व्हेरोनिका म्हणाली, तिने आधी माझ्या दारात येऊन बोलावं. ही दोन्ही वाक्यं थेरेसाने इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेली, आणि अबोला पक्का झाला.

तेव्हापासून दोघी जावा चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसायच्या. मार्गारेटची कोंबडी व्हेरोनिकाच्या अळूत शिरली की व्हेरोनिका फणसाच्या झाडाकडे तोंड करून म्हणायची, "काही लोकांना कोंबड्या पाळता येतात, राखता येत नाहीत." मार्गारेट आपल्या बाजूच्या चिंचेला सांगायची, "कोंबडीला काय कळतं, कोणाचं अळू खाजरं ते." फणस आणि चिंच यांचं बोलणं बरंच होत असे. माणसांचं बंद होतं.

आणि मग रिटाचं लग्न ठरलं.

रिटा ही व्हेरोनिकाची एकुलती मुलगी. बी. ए. होऊन वसईत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. मुलगा गिरीजचा, जेम्स नावाचा, टेलिफोन खात्यात नोकरीला. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतरचा रविवार ठरला. मुंबईच्या लोकांना छापील पत्रिका पोस्टाने गेल्या, पण गावात पत्रिका चालत नसे. दारात जाऊन, बसून, तोंडाने बोलावणं करावं लागे. आणि त्यात पहिला मान थोरल्या भावाच्या घराचा. तिथे नवरा-बायकोने जोडीने जायचं, मग बाकीचं गाव. कुठल्याही घरी गेलं तरी घरची बाई पाण्याचा तांब्या पुढे करत पहिला प्रश्न विचारणार, "थोरल्या घरी जाऊन आलात ना?"

त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे व्हेरोनिकाला सुचत नव्हतं. म्हणून बोलावणं आज उद्या करत लांबत चाललं होतं. शिवाय रिटाच्या स्नानसंस्काराला धर्मपिता म्हणून तिला हातावर धरून उभा राहिला होता तो निकोलसच. तो मांडवात नसला तर मुलगी काय म्हणेल, गाव काय म्हणेल, गिरीजवाले काय म्हणतील. हे सगळं तिला कळत होतं. पण आपण उठून मार्गारेटच्या दारात जायचं म्हणजे इतकी वर्षं तोंड मिटून सांभाळलेलं सगळं एका पायरीवर टाकून द्यायचं. ते तिच्याने होणार नव्हतं. तिकडून एक शब्द आला असता तर ती धावत गेली असती. एकच शब्द. मग तो "शी" असता तरी चालला असता.

"काकांना बोलवायचं की नाही?" रिटाने एका संध्याकाळी विचारलं. व्हेरोनिका विळीवर नारळ खवत होती आणि फ्रान्सिस दारात बसून दोरी वळत होता. निदान सुरुवात तरी दोरीने केली होती. आता तो दोरीचं टोक हातात धरून मावळतीकडे बघत होता.

"बोलवायचं ना," व्हेरोनिका म्हणाली. "तुझ्या काकीने एकदा तोंड उघडलं की लगेच."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर तिच्या दातांना आराम."

रिटा हसली नाही. तिने बापाकडे पाहिलं. "बाबांना बघ. इंग्रजीत ह्याला एक शब्द आहे. डिस्ट्रे. मूळचा फ्रेंच. शेवटी टी लिहायचा, पण बोलायचा नाही."

"लिहायचा आणि बोलायचा नाही?" व्हेरोनिकाने नारळाची वाटी फिरवली. "म्हणजे तुझ्या काकीसारखा. घरात आहे पण आवाज नाही."

आता मात्र रिटा हसली.

"आपल्याकडे त्याला विसरभोळा म्हणतात," व्हेरोनिका म्हणाली. "त्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं?"

"विसरभोळा वेगळा, आई. त्याला आठवत नाही. हा माणूस विसरत नाही, त्याचं मन ओढलं गेलेलं असतं. शब्दाचा मूळ अर्थ तसाच आहे, दुसरीकडे ओढलेला."

"कुठे ओढलेला?"

"ते शब्दात नसतं."

"मग अर्धाच शब्द आहे तुझा," व्हेरोनिका म्हणाली आणि खवलेला नारळ घेऊन आत गेली. फ्रान्सिसने विचारलं, "कोणाचा शब्द?" पण उत्तर ऐकायला तो थांबला नव्हता, म्हणजे बसलेला तिथेच होता, पण थांबला नव्हता.

शेवटी दिवस इतके जवळ आले की बोलावणं टाळणं शक्य राहिलं नाही. व्हेरोनिकाने मनाशी ठरवलं की थोरलं घर बाजूला ठेवायचं आणि गावाला सुरुवात करायची. कोणी विचारलंच तर म्हणायचं, शेवटी जाणार आहोत. त्या दिवशी लग्नाचे तांदूळ निवडायला आळीतल्या बायका तिच्या ओटीवर यायच्या होत्या, त्यामुळे तिला घर सोडता येत नव्हतं. फ्रान्सिसला एकट्याला पाठवणं म्हणजे काय, हे तिला समजत होतं. पण दुसरं होतं कोण?

तिने त्याला पांढरा सदरा घालायला दिला, केस विंचरून दिले आणि समोर उभं केलं.

"काय सांगायचं?"

"रिटाचं लग्न आहे, रविवारी, घरच्या सगळ्यांनी यायचं."

"कुठला रविवार?"

"तीन राजांच्या नंतरचा."

"सुरुवात कुठून करायची?"

"चर्चच्या बाजूच्या आळीतून."

"आणि जायचं कुठून?"

"मागच्या वाटेने. थोरल्या घरासमोरून नाही."

"का?"

फ्रान्सिस विचारात पडला. व्हेरोनिकाला रडावं की हसावं कळेना. "कारण आपण बोलत नाही," ती म्हणाली. "तेवढं म्हणत म्हणत जा. आपण बोलत नाही, आपण बोलत नाही."

तो खरोखरच ते पुटपुटत गेला. मागच्या वाटेनेच गेला. तो पार केळीआड होईपर्यंत ती बघत उभी होती.

तांदूळ निवडायला थेरेसा धरून सगळ्या बायका आल्या. गप्पा झाल्या, गाणी झाली, चहा झाला. जेवायची वेळ टळली तरी फ्रान्सिसचा पत्ता नव्हता. व्हेरोनिका मनात म्हणाली, प्रत्येक घरी बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, उशीर व्हायचाच. एकीकडे तिला बरंही वाटलं. इतका वेळ लागतोय म्हणजे नीट करतोय.

थेरेसा मध्येच घरी जाऊन चूल बघून आली होती. आली ती काही न बोलता सूप घेऊन बसली. थेरेसा गप्प बसली म्हणजे काहीतरी मोठं असणार, हे ओटीवरच्या प्रत्येकीला कळलं.

"काय गं?" व्हेरोनिकाने विचारलं.

"माझं काय. मी आपली वाटेने जात होते."

"थेरेसा."

"तुझा नवरा थोरल्या घरी आहे." थेरेसाने एक खडा वेचून बाजूला टाकला. "ओट्यावर. पाय पसरून. आडवा."

"आडवा म्हणजे?"

"म्हणजे झोपलाय. जेवून झोपलाय वाटतं. बाजूला ताट होतं."

बायकांचे हात सुपात थांबले. व्हेरोनिकाने मात्र निवडलेल्या तांदळातून मूठभर उचलून पुन्हा न निवडलेल्या तांदळात टाकले, आणि कोणी काही म्हणायच्या आत ते पुन्हा निवडू लागली. तिच्या डोळ्यांपुढे मार्गारेटचं तोंड येत होतं. इतक्या वर्षांत एकदाही मान वळवली नाही, एकदाही पाय त्या बाजूला टाकला नाही, आणि आज हा माणूस पांढरा सदरा घालून जाऊन तिच्या ओट्यावर घोरतोय. आता मार्गारेट गावभर सांगणार, आले शेवटी, पोटाला लागलं की येतात.

बायका पांगल्या. थेरेसा मात्र थांबली. म्हणाली, भुसा गोळा करते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फ्रान्सिस आला. सदऱ्याला चिखल, खांद्यावर केळीचे चार मुनवे, चेहरा कसा धुऊन काढल्यासारखा प्रसन्न.

"कुठे होतात?" व्हेरोनिकाने विचारलं.

"घरी," फ्रान्सिस म्हणाला.

त्याने हे इतकं सहज म्हटलं. घरी. ज्या घरात जन्मला, ज्या ओट्यावर आईने अंघोळ घातली, त्या घरी. हे नवं घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं, यातली कौलं स्वतः चढवली होती. पण मन भरकटलं की पाय तिकडेच जायचे. तिला रिटाचा तो अर्धा शब्द आठवला.

पण राग एवढ्याने जात नसतो.

"मागच्या वाटेने गेला होतात ना?"

"गेलो होतो. दादाच्या केळीचा एक टेकू कलला होता. घड जमिनीला टेकायला आलेला. म्हटलं, एवढं सरळ करून जाऊ. मग तो आला, मग आम्ही दुसऱ्या बाजूचे बघितले, त्याच्या पाण्याच्या मोटारीचा पाइप गळत होता तो बांधला. मग वहिनीने पान वाढलं."

"बोलली ती?"

"कोण?"

"मार्गारेट. तुमच्याशी काही बोलली?"

फ्रान्सिसने आठवून पाहिलं. "मीच बोलत होतो. ती वाढत होती. चांगली होती मासळी."

"आणि लग्नाचं?"

"कोणाच्या?" फ्रान्सिस म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मुनवे त्याने जमिनीवर ठेवले. "राहिलं," तो म्हणाला.

"थोरल्या घरी राहिलं. बाकीच्या किती घरी झालं?"

तो सदऱ्यावरचा चिखल खरवडू लागला. ओट्याच्या कडेला भुसा गोळा करणारी थेरेसा म्हणाली, "म्हणजे एकाही घरी नाही." आणि ती भुशात तोंड घालून हसायला लागली.

व्हेरोनिका पायरीवर बसली. दुसरी एखादी असती तर भांडी आपटली असती. तिला फक्त एवढंच दिसत होतं की सगळा डाव हातातून गेला. पहिला शब्द आपल्या बाजूने गेला, तोही फुकट गेला. कारण ज्यासाठी तो खर्च करायचा ते बोलावणं झालंच नाही. फ्रान्सिस तिच्यासमोर उभा राहिला, काहीतरी म्हणणार होता, पण मुनव्यांची मुळं सुकतील म्हणून ते उचलून मागच्या बाजूला लावायला गेला.

तेवढ्यात बावखलाच्या बांधावरून मार्गारेट येताना दिसली.

ती तरातरा येत होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर, आणि चाल अशी की थेरेसाने भुशाची टोपली बाजूला सारून वाट करून दिली. अंगणाच्या मधोमध येऊन मार्गारेट उभी राहिली. फणस जवळच होता. तिने फणसाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हेरोनिका," ती म्हणाली, "ही कुठली रीत?"

व्हेरोनिका उठली. ही बोलली. माझ्या दारात येऊन, माझं नाव घेऊन बोलली.

"कसली?" ती म्हणाली. आवाज नीट राहावा म्हणून एवढंच म्हणाली.

"तुझा नवरा सकाळी आला. पांढरा सदरा घालून, भांग पाडून. मी खिडकीतून बघितलं आणि ह्यांना म्हटलं, बोलावणं आलं. एकटा का असेना, आला. मी आत जाऊन लुगडं बदललं. ह्यांना म्हटलं, दाढी करा. घाईत गाल कापून घेतला त्यांनी. खुर्च्या पुसल्या. सरबत केलं. हा बाहेर चिखलात टेकू लावतोय. म्हटलं, असू दे, हात धुऊन बसला की सांगेल. बसला. सरबत प्याला. नाही सांगितलं. म्हटलं, जेवताना सांगेल. पापलेट आणलं होतं, म्हटलं तळू. दोनदा भात घेतला. चांगलं झालंय म्हणाला. मी दाराशी उभी आहे, हे समोर बसलेत, आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघतोय. त्याने तोंड उघडलं. म्हटलं, आता. तर जांभई दिली आणि ओट्यावर आडवा झाला."

थेरेसा भुशाच्या टोपलीवर बसून ऐकत होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"उठला, मुनवे मागितले, चार मुनवे घेऊन गेला," मार्गारेट म्हणाली, आणि आता तिचा आवाज थोडा फाटला. "आम्हाला बोलवायचं नसेल तर नका बोलावू. पण घरात येऊन, जेवून, आशा लावून, न बोलावता निघून जायचं? रिटाला ह्यांनी हातावर धरलंय. ते आत भिंतीकडे तोंड करून बसलेत. एवढा अपमान गाळाच्या वेळीसुद्धा नव्हता झाला."

"बाय," व्हेरोनिका म्हणाली. "कोणालाच बोलावलं नाही."

"काय?"

"गावात एकाही घरी नाही. सकाळपासून निघालेत ते तुमच्याकडेच पोचले."

मार्गारेट बघत राहिली. मग तिने घराच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे फ्रान्सिस मुनव्यासाठी खड्डा खणत होता आणि कुदळ अर्ध्यात थांबवून एका बगळ्याकडे बघत होता. मार्गारेटच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तो दाबला. पुन्हा हलला.

"दोनदा भात घेऊन," ती म्हणाली.

"घरी मागत नाहीत दोनदा," व्हेरोनिका म्हणाली.

"माझ्या हातची मासळी त्याला आधीपासून आवडते. सासूबाई असताना..." मार्गारेट मध्येच थांबली. तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिची मान ताठ झाली. "मी काही बोलायला आले नव्हते. मी जाब विचारायला आले होते."

"पण बोललीस."

"आधी तुझा नवरा बोलला. माझ्या ओट्यावर येऊन."

"त्यांचं धरायचं नाही," व्हेरोनिका म्हणाली. "ते अबोल्यात कधी नव्हतेच."

"का नाही धरायचं? घरचा पुरुष आहे."

"मग तुमच्याही घरच्या पुरुषाचं धरा. वालाला फूल आलं का विचारलं तर 'आलं' म्हणतात. कुंपणापाशी. मी ऐकलंय."

मार्गारेटला हे ठाऊक नव्हतं. "कधी?"

"दर वर्षी. वालाला दर वर्षी फूल येतं."

दोघींनी थेरेसाकडे पाहिलं. इतकी वर्षं इकडचं तिकडे थेरेसानेच नेलं होतं. हिशेब कोणाकडे असेल तर तिच्याकडे. थेरेसाने तोंडातला पदर काढला. "मला काय विचारता," ती म्हणाली. "मला वाटतं, तुमच्या दोघींशिवाय सगळे बोलत होते."

मार्गारेटने खाली वाकून सुपातले चार दाणे हातात घेतले, तळव्यावर पसरले. "जाड आहे तांदूळ," ती म्हणाली. "वड्यांना चालेल. भाताला ह्यात बारीक मिसळ. आमच्याकडे आहे पोतं." मग तिला आठवलं की आपल्याला अजून बोलावणं झालेलं नाही. तिने दाणे परत सुपात टाकले आणि हात झटकले. "मी जाते घरी. मी इथे उभी आणि बोलावणं करणार कोणाला? तू त्याला घेऊन ये. जोडीने. मी दारात असेन."

आणि ती आली होती त्याहून घाईने बांधावरून परत गेली. अर्ध्या वाटेवर तिने मागे वळून सांगितलं, "त्याला धरून आण. नाहीतर पाचूबंदरला जाईल."

व्हेरोनिकाने तोंड धुतलं, दुसरं लुगडं नेसली, फ्रान्सिसचे हात कोपरापर्यंत घासून घेतले. सदऱ्यावरचा चिखल निघेना, तो तसाच राहिला. तिने त्याच्या दंडाला धरलं. गावात नवरा-बायको हात धरून चालत नसत, पण आज तिला त्याची फिकीर नव्हती.

"कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"घरी," ती म्हणाली.

बांधावरून जाताना तिचे पाय जरा अडखळले. या वाटेवर कुठे खड्डा आहे, कुठे मूळ वर आलंय, हे एके काळी तिला अंधारातही कळायचं. आता फ्रान्सिसच तिला सांगत होता, "इथे जपून."

थोरल्या घराच्या दारात मार्गारेट उभी होती, जणू आत्ताच आतून बाहेर आली आहे आणि कोण आलं म्हणून बघते आहे. निकोलस खुर्चीवर बसला होता, गालावर कापलेल्या जागी कागदाचा कपटा चिकटवून. दोघांनी या, बसा, केलं. पाण्याचा तांब्या आला. फ्रान्सिस खुर्चीवर न बसता उंबऱ्यावर बसला, लहानपणापासून बसत आला तसा, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

फ्रान्सिसने घसा साफ केला. "दादा," तो म्हणाला, "ते कौल कधी फुटलं?"

निकोलसने वर पाहिलं. मार्गारेटने वर पाहिलं. एक कौल खरंच फुटलं होतं.

व्हेरोनिकाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आता हे कोणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते कोण म्हणणार हे तिला आता दिसलं.

"रिटाचं लग्न आहे," ती मार्गारेटकडे बघून म्हणाली. "तीन राजांच्या नंतरच्या रविवारी. तुम्ही दोघांनी आदल्या दिवसापासून यायचं. तुमच्याशिवाय मला जमणार नाही."

निकोलसने डोळे पुसले आणि गालाला हात लावून कागद सारखा केला, म्हणजे त्यासाठीच हात वर नेला होता असं दिसावं. मार्गारेट मात्र पदर सावरून, खुर्चीत ताठ बसून, छपराकडे बघत म्हणाली, "बघू. जमलं तर येऊ."

मग तिने मान वळवली. "डुकराच्या मटणाचं कोणाला सांगितलंय? मागच्या वेळी त्या माणसाने सगळी चरबीच दिली होती. आणि हे बघ, उरलेल्या गावाला त्याला पाठवू नकोस. मी चपला घालते, आपण दोघी जाऊ."